किडनी देण्याआधी दादानं माफी मागायलाच हवी का?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) : पत्र लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या आहेत. माहेर सांगली जिल्ह्यात, सासर कोल्हापुरात. घरीच ब्लाउज शिवण्याची, फॉल-पिकोची कामं करतात. वडील गेल्यावर थोरल्या भावानं "वारस नोंदीला सही लागते" असं सांगून त्यांना तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात नेलं. ते हक्कसोडपत्र होतं, हे सातबाऱ्यावरून नाव गेल्यावर कळलं. ताईंनी ते गिळलं. पण सहा वर्षांपूर्वी आई मिरजेच्या दवाखान्यात तीन आठवडे होती आणि त्यांना कुणी कळवलं नाही. चुलतभावाचा फोन आल्यावर त्या धावत गेल्या, तोवर चितेला अग्नी दिलेला होता. त्या दिवसापासून भावाशी अबोला. आता भाऊ ५३ वर्षांचा आहे, मधुमेहामुळे दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि आठ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. वहिनींचा फोन आला : "ह्यांचा ग्रुप ओ. माझा बी, शिवाय मलाही शुगर. पोराचं अजून लग्न व्हायचंय. तुमचा ग्रुप जुळतो, यंदाची भाऊबीजेची ओवाळणी समजा. जमिनीचंही बघू आपण." ताई लिहितात : "मी द्यायला तयार आहे. हा शेवटचा त्याग करून या नात्यातून मोकळी होईन म्हणते. पण ऑपरेशनच्या आधी दादानं एकदा माझ्यासमोर माफी मागावी. त्याशिवाय माझा पाय उचलणार नाही. नवरा आणि मुलगी तर देऊच नको म्हणतात. माझं चुकतंय का?"

ताई,

माफीची अपेक्षा ठेवण्यात तुमचं काहीच चुकत नाही. सख्ख्या आईचा चेहरा शेवटचा बघायला मिळाला नाही, तो कुणामुळे मिळाला नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि त्या माणसानं सहा वर्षांत त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. अशा वेळी "झालं गेलं विसरून जा" असं सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. त्यांच्यात मला भर घालायची नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. जमिनीबद्दल तुम्ही चार-पाच ओळींत आटोपलं आहे. आईच्या त्या तीन आठवड्यांबद्दल मात्र तुमचं लिहिणं थांबतच नाही. ती कुठल्या वॉर्डात होती, शेवटी बोलत होती का, तुमचं नाव काढलं का, पाणी कुणी पाजलं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तुमच्याजवळ नाही. दादानं माफी मागावी असं तुम्ही म्हणता आहात, पण तुमची खरी भूक या उत्तरांची आहे असं मला वाटतं. हे मनाशी तपासून बघा, कारण पुढचं बरंचसं यावर अवलंबून आहे. कुणाला माफी मागायला लावलं, तर ऑपरेशनच्या धाकानं का होईना तो मागेलही. पण आईच्या शेवटच्या दिवसांचं खरंखुरं सांगणं धाकानं निघत नाही. त्याला समोरच्याला तुमच्याजवळ थोडा वेळ बसावं लागतं.

दुसरी एक गोष्ट मला खटकली. इतक्या मोठ्या पत्रात तुमचा दादा एकदाही बोललेला नाही. फोन वहिनींचा. ग्रुप जुळतो हे वहिनींनी सांगितलं. दिवाळीच्या आत झालेलं बरं, हेही त्यांचंच. दादाला तुमची किडनी हवी आहे का? त्याला हे माहीत तरी आहे का? तुम्ही गृहीत धरलंय की तो मागतो आहे आणि त्याच्या मागण्यात माफी नाही. पण असंही असू शकतं की बहिणीशी आपण कसे वागलो हे आठवून तोच नको म्हणत असेल, आणि वहिनी त्याच्या माघारी धडपडत असतील. किडनीचे अनेक रुग्ण घरच्यांकडून अवयव घ्यायला कचरतात. ज्याचं देणं लागतो त्याच्याकडूनच आणखी घ्यायचं, ही लाज फार मोठी असते. उलट, त्याला तो आपला हक्कच वाटत असेल, हेही शक्य आहे. कुठलं खरं ते मला कळायला मार्ग नाही, आणि तुम्हालाही वहिनींच्या फोनवरून कळणार नाही. म्हणून पहिलं काम : कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी दादाशी स्वतः बोला. मध्ये कुणी नको.

आता "शेवटचा त्याग करून मोकळी होईन" या तुमच्या वाक्याकडे येते. मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते.

किडनी देऊन माणूस नात्यातून मोकळा होत नाही. ऑपरेशननंतर तुम्हाला दरवर्षी रक्तदाब, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते यावरून कळतं) आणि लघवीतली प्रथिनं तपासत राहावं लागेल, जन्मभर. डोकेदुखीला सहज घेतो त्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेता येणार नाहीत. दादाला रोज, ठरल्या वेळी, शरीरानं परकी किडनी नाकारू नये म्हणून औषधं घ्यावी लागतील, तीही कायमची. त्यानं औषध चुकवलं, साखर सांभाळली नाही, तर तुमच्या कानावर येईल आणि तुमच्या पोटात कालवेल. जिवंत माणसाची किडनी सरासरीनं १५ ते २० वर्षं टिकते असं म्हणतात. पण सरासरीच ती. कुणाची २५ वर्षं चालते, कुणाची पहिल्याच वर्षी बंद पडते. मधुमेहानं दादाच्या मूळच्या किडन्या खाल्ल्या, तोच मधुमेह नव्या किडनीलाही छळू शकतो. थोडक्यात, ज्या नात्यातून सुटायचं म्हणताय, त्यात तुम्ही आणखी गुंतणार आहात. गुंतायला तुमची तयारी असेल, तर जरूर द्या. सुटायला म्हणून देऊ नका.

यातूनच एक प्रश्न निघतो, आणि तो तुम्ही एकटीनं, निवांतपणे स्वतःला विचारावा अशी माझी विनंती आहे. समजा दादानं कधीच माफी मागितली नाही. ऑपरेशननंतर तो गावी गेला, पुन्हा पूर्वीसारखाच तुटक वागू लागला, आणि दोन वर्षांत ती किडनीही निकामी झाली. तेव्हाही तुम्हाला वाटेल का, की मी दिली ते बरं केलं? उत्तर "हो" असेल तर तुमचं देणं भक्कम आहे, त्याला माफीचा टेकू लागत नाही. "नाही" असेल, किंवा "मग मात्र मी त्याचं तोंड बघणार नाही" असं येत असेल, तर तुमचं मन अजून हिशोबात अडकलेलं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हिशोब चुकता करायला ऑपरेशन टेबलावर झोपू नये.

आणि उलटा प्रश्नही विचारा. किडनी न देता मी दादाला माफ करू शकते का? पुष्कळांना हे सुचतच नाही. माफ केलं म्हणजे दिलंच पाहिजे, आणि दिलं नाही म्हणजे मनात राग आहे, अशी सांगड आपण नकळत घालतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही दादाला मनापासून माफ करून, त्याच्या डायलिसिसला सोबत बसून, "किडनी मात्र मी देऊ शकत नाही" असं म्हणू शकता. तसंच माफ न करताही, एक जीव वाचावा म्हणून किडनी देऊ शकता. एकाचा निर्णय दुसऱ्यावर ढकलला की दोन्ही अर्धवट राहतात.

माफीची अट घालण्याबद्दलही बोलू. आज दादाची अवस्था अशी आहे की आठवड्यातले तीन दिवस चार-चार तास तो यंत्राला जोडलेला असतो. पाणी मोजून पितो. अशा माणसासमोर "आधी माफी, मग किडनी" असं ठेवलं, तर तो जे बोलेल त्यावर तुमचा विश्वास बसेल का? मला नाही वाटत. रात्री अंथरुणावर पडल्यावर तुम्हीच म्हणाल, गरज होती म्हणून बोलला. ज्या शब्दांसाठी तुम्ही सहा वर्षं थांबलात, ते शब्द तुमच्याच अटीमुळे खोटे ठरतील. हे नुकसान दादाचं नाही, तुमचं आहे.

मग काय बघायचं? इथे मला जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण आठवतं. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बॉस्टनला ते झालं, आणि तेही भावाभावांतच. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे जुळे भाऊ. रिचर्ड मरणाच्या दारात, रोनाल्ड धडधाकट, वय अवघं २३. निरोगी माणसाच्या पोटावर दुसऱ्यासाठी सुरी चालवायची, यातून तो वाचेल का, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आजारी रिचर्डनं भावाला चिठ्ठी पाठवली : इथून निघ, घरी जा. रोनाल्डनं उलट चिठ्ठी पाठवली की मी आलोय आणि मी इथेच थांबणार. ऑपरेशन झालं, रिचर्ड पुढे आठ वर्षं जगला, आणि किडनी देणारा रोनाल्ड २०१० साली, वयाच्या ७९व्या वर्षी गेला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. जोसेफ मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं.

त्या दोघांत काही भांडण नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरी ती पहिली चिठ्ठी मला फार मोलाची वाटते. जिवावर बेतलेलं असताना माणूस दुसऱ्याला म्हणतो, तू मोकळा आहेस. दादाशी बोलताना माफीच्या शब्दांपेक्षा हे ऐकायचा प्रयत्न करा. "तुला जमत नसेल तर नको देऊस, तुझ्या घरादाराचं बघ" असं तो म्हणतो का? डोळे चुकवत, खाली बघत, तुटक का होईना, पण म्हणतो का? आपल्याकडची दादाच्या पिढीतली पुरुष माणसं "माझं चुकलं" हे शब्द सहसा उच्चारत नाहीत. पण आपल्या फायद्याची गोष्ट समोर असताना ते तुम्हाला नाही म्हणायची मोकळीक देत असतील, तर त्यात पश्चात्ताप असू शकतो. हीही अट करू नका मात्र. फक्त कान उघडे ठेवा.

आता वहिनींच्या फोनबद्दल. मला त्यांचा राग येत नाही. नवऱ्याला दिवसाआड दवाखान्यात नेणारी बाई दिसेल त्या दाराची कडी वाजवते. पण त्या जे बोलल्या, त्यातल्या तीन गोष्टी बाजूला काढून नीट बघायला हव्यात.

भाऊबीजेची ओवाळणी. ओवाळणी भाऊ बहिणीला घालतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इथे बहिणीनं द्यायचं आणि तेही सणाच्या मुदतीत, असं ठरवलं जातंय. सणाचं नाव घेतलं की बहिणीला नाही म्हणता येत नाही. देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे उघड वास्तव आहे. कायद्यालाही याची जाणीव आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४च्या नियमांत दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची संमती स्वतंत्र आहे याची खातरजमा रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा भाऊबीज ही तारीख डोक्यातून काढून टाका. एवीतेवी चाचण्या आणि कागदपत्रं यांतच बरेच आठवडे जातात. प्रत्यारोपण फार लांबवू नये हे खरं, पण डायलिसिस चालू असताना महिना-दोन महिने विचाराला घेतले म्हणून तुम्ही अपराधी होत नाही.

जमिनीचं बघू. ताई, इथे मी जरा कडक बोलणार आहे. १९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार अवयवाच्या बदल्यात पैसा किंवा पैशाचं मोल असलेली कुठलीही वस्तू घेणं-देणं हा गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. "किडनी दिली म्हणून अर्धा एकर नावावर केला" हे घरातल्या घरात कितीही साधं वाटलं, तरी ते या व्याख्येत बसू शकतं. म्हणून जमिनीचा विषय आणि किडनीचा विषय एका वाक्यात येऊ देऊ नका. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच नको. तुमच्या दवाखान्याचा, येण्याजाण्याचा खर्च आणि शिलाईकाम बंद राहिल्यानं बुडालेली कमाई मात्र दादाच्या घरानं भरून दिली तर ते कायद्याला मान्य आहे. ते मागायला संकोच करू नका.

जमिनीवरचा तुमचा हक्क हा किडनीच्या आधीही होता आणि किडनी दिली न दिली तरी त्याचा प्रश्न वेगळाच आहे. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये पक्कं केलं आहे. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मात्र सहजी रद्द होत नाही. फसवून सही घेतली असेल तर दाद मागता येते, पण फसवणूक कळल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि तुमच्या बाबतीत ती कदाचित उलटून गेली असेल. कागद घेऊन एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवा, आणि तो विषय तिथेच, त्याच्या टेबलावर राहू द्या.

आणि पोराचं लग्न व्हायचंय. तुमचा भाचा २४ वर्षांचा आहे. त्याचं शरीर लग्नासाठी जपायचं आणि आत्याचं कामाला लावायचं, हे ऐकून तुम्हाला लागलं असेल. लागणारच. वैद्यकीयदृष्ट्या वहिनी अगदीच चुकीचं बोलत नाहीत, हे पण सांगायला हवं. आईवडील दोघांनाही मधुमेह असलेल्या तरुण मुलाला पुढे स्वतःला मधुमेह व्हायची शक्यता जास्त असते, आणि समोर अख्खं आयुष्य असतं. डॉक्टर अशा मुलाची किडनी घ्यायला कचरतात. पण हे कारण आहे, लग्न हे कारण नव्हे. आणि हेच माप तुम्हालाही लागू आहे, इकडे तुमच्या घरात कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. दादा तुमचा सख्खा भाऊ आहे. त्याला मधुमेह आहे म्हणजे तुम्हालाही होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. तुम्ही ४७च्या आहात. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि ग्लुकोज पिऊन करतात ती चाचणी, या दोन गोष्टी सगळ्यात आधी करून घ्या. तिथेच काही निघालं, तर बाकीचा प्रश्न आपोआप मिटतो, आणि तुमच्या प्रकृतीचंही वेळेवर कळतं.

साखर ठीक निघाली तर पुढचं. ग्रुप जुळतो म्हणजे सगळं जुळतं असं नाही. सख्ख्या भावंडांत ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, अर्ध्या जुळण्याची चारात दोन, आणि अजिबात न जुळण्याचीही चारात एक. आजच्या औषधांमुळे कमी जुळलं तरी प्रत्यारोपण होतं, पण क्रॉसमॅच नावाची चाचणी (दादाचं रक्त तुमच्या पेशींना विरोध करतं का, ते बघणारी) अडली तर थांबावं लागतं. तुमच्या दोन्ही किडन्यांचं काम किती चाललंय, रक्तवाहिन्या कशा आहेत, लघवीत प्रथिनं जातात का, मन तयार आहे का, हे सगळं बघतात. शस्त्रक्रिया आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते. तीन-पाच दिवस दवाखान्यात, मग चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, कापडाचे गठ्ठेसुद्धा नाही. उरलेली किडनी हळूहळू काम वाढवते आणि दोन्ही मिळून जेवढं व्हायचं त्याच्या सुमारे ७० टक्क्यांपर्यंत पोचते. ऑपरेशनात जीव जाण्याचा धोका दहा हजारांत तीन किंवा त्याहूनही कमी. पुढे आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याचा धोका थोडा वाढतो. तो कमी आहे, पण शून्य नाही. हे आकडे नवऱ्याला आणि मुलीलाही सांगा. त्यांच्या विरोधात राग आहे आणि भीतीही आहे. रागाचं काही करता आलं नाही तरी भीतीचं काही तरी करता येईल.

चाचण्यांच्या दरम्यान एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्यारोपण समन्वयक किंवा समुपदेशक तुमच्याशी एकटीशी बोलतील. बोलले नाहीत, तर तुम्हीच तसा वेळ मागा. वहिनी बाहेर, नवराही बाहेर. तिथे मनातलं स्पष्ट सांगा. संमतीच्या कागदावर सही केल्यानंतरही, ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा, तुम्हाला नाही म्हणता येतं. तुम्ही "नाही" म्हटलंत हे घरी कळू नये असं वाटत असेल तर तेही सांगा. चांगली पथकं दात्याचं कारण गुप्त ठेवतात आणि कुटुंबाला एवढंच कळवतात की या दात्याकडून घेता येणार नाही.

तुम्ही नाही म्हटलंत तर दादा मरेल, असं वहिनींनी म्हटलेलं नाही, पण तुमच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं दिसतं. तसं नाही. मेंदूमृत दात्याकडून किडनी मिळण्याच्या यादीत त्यानं नाव घातलंय का, हे विचारा. पश्चिम महाराष्ट्रासाठी ते पुण्याच्या विभागीय समितीकडे, झेडटीसीसीकडे, नोंदणीकृत रुग्णालयामार्फत घालायचं असतं. ओ ग्रुपला वाट जास्त बघावी लागते, म्हणूनच नाव आजच घालायला हवं, तुमचं उत्तर काहीही असो. वहिनींची साखर ही वेगळी अडचण आहे. पण ज्या घरात जवळचा नातेवाईक धडधाकट असून फक्त ग्रुप आडवा येतो, त्या घरांना २०११च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या तशाच कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता येते. हे पत्र वाचणाऱ्या इतर कुणाच्या घरी अशी पंचाईत असेल, तर बहिणीकडे वळण्याआधी रुग्णालयात याची चौकशी करा. आणि दाता केंद्र सरकारी नोकरीत असेल तर अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते.

आता दादाला भेटायचं कसं, ते बघू. डायलिसिसच्या दिवशी माणूस गळून गेलेला असतो, म्हणून मधल्या मोकळ्या दिवशी, सकाळी जा. माहेरच्या घरात भेटू नका, तिथे भिंतीसुद्धा भांडणं आठवून देतात. दवाखान्यातही नको. मिरजेला किंवा जयसिंगपूरला, ज्या चुलतभावानं तुम्हाला आईची बातमी कळवली, त्याच्या घरी बसता येईल का? त्यानं तेव्हा तुमची बाजू धरली होती, पण दादाशीही संबंध तोडले नाहीत, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. दोघांना बसवून त्यानं उठून जावं, एवढंच त्याचं काम.

बोलायला सुरुवात किडनीपासून करा, म्हणजे तो विषय दोघांच्या मानेवरून उतरेल. साधारण असं म्हणता येईल : "दादा, वहिनींचा फोन आला होता. मी अजून काही ठरवलेलं नाही. तुला काय वाटतं ते तुझ्या तोंडून ऐकायला आले. मी हो म्हटलं तरी, नाही म्हटलं तरी, आज जे बोलणार आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही." मग थांबा. त्याला बोलू द्या. तो गप्प राहिला तरी ते गप्प राहणं भरून काढायची घाई करू नका.

आणि मग तुमचा प्रश्न विचारा. माफीची मागणी करू नका, प्रश्न विचारा. "आईच्या शेवटच्या दिवसांत काय झालं, मला सगळं सांग. मला का कळवलं नाहीस तेही सांग." उत्तर काय येईल, याची तयारी ठेवा. कदाचित जमिनीवरून तुम्ही दवाखान्यात वाद घालाल अशी त्याला धास्ती होती, असं निघेल. कदाचित आईनंच "तिला घाबरवू नका" म्हटलं असेल आणि तो आडोसा त्यानं वापरला असेल. कदाचित उत्तर इतकं थिटं असेल की ऐकून अंगाचा तिळपापड होईल. काहीही आलं तरी त्या दिवशी कुठलाच निर्णय सांगू नका, ना माफीचा, ना किडनीचा. घरी या. दोन रात्री झोपा. तुमच्या बाजूनं जे झालं असेल, त्याचाही विचार करा. सहा वर्षांत त्याच्या घरी सुखदुःखाचं काही घडलं असेल, तिथे तुम्हीही गेला नसाल. हे मी तुमच्या माथी दोष मारायला लिहीत नाही. अबोल्यात दोन्हीकडे काही ना काही साठतं, आणि दादाजवळही तुम्हाला विचारायला एखादा प्रश्न असू शकेल. तो त्यानं विचारला तर ऐकून घ्या.

समजा तो भेटायलाच नाही म्हणाला, किंवा भेटून रुक्षपणे "द्यायची तर दे, नाहीतर राहू दे" एवढंच बोलला. तेव्हा मी सुरुवातीला लिहिलेले दोन प्रश्न पुन्हा काढा. तरीही द्यावंसं वाटलं तर तुम्ही कुणाच्या दबावाखाली देत नाही आहात, हे नवऱ्यालाही पटेल. द्यावंसं नाही वाटलं, तर ती शिक्षा समजू नका आणि तशी ती दादालाही सुनावू नका. "माझ्याच्यानं होणार नाही" एवढं पुरे. नातेवाईक बोलतील. "सख्खी बहीण असून" हे वाक्य तुम्हाला बरीच वर्षं ऐकावं लागेल. त्यांना द्यायला तुमच्याजवळ स्पष्टीकरण असलंच पाहिजे असं नाही.

दिलीच, तर एक विनंती. ऑपरेशननंतर तुम्ही दोघं एकाच मजल्यावर, वेगवेगळ्या खोल्यांत असाल. तुम्हाला दुखत असेल, आणि सगळी माणसं दादाच्या खोलीत, नव्या किडनीनं लघवी किती केली ते विचारत असतील. दात्याला एकटं वाटण्याची ती वेळ असते. तेव्हा मुलीला आत्ताच सांगून ठेवा की ते दिवस तिनं तुमच्या खोलीत थांबायचं. तिचा विरोध कायम असला तरी हे काम ती नाकारणार नाही, असं मला वाटतं.

या आठवड्यात एवढंच करा : साखरेच्या दोन चाचण्या, आणि चुलतभावाला फोन. वहिनींना कळवा की दादाशी बोलेपर्यंत मी काही सांगणार नाही. त्यांचा फोन पुन्हा आला आणि ओवाळणीचा विषय निघाला, तर तो तिथल्या तिथे थांबवायचा हक्क तुम्हाला आहे. भेट झाली की मला लिहा.